शेवटचा कागद खरा

३ सप्टेंबर

आलो एकदाचे. आई, मी, दोन ट्रंका आणि स्टोव्ह. आईनं स्टोव्ह वाटेत एकदाही खाली ठेवला नाही, सहा तास मांडीवर घेऊन बसली. म्हटलं, अगं, खोलीत शेगडी आहे, नेमणुकीच्या कागदात तसं लिहिलंय. तर म्हणाली, कागदात काय, लोक काहीही लिहितात. शेगडी आहे. आईनं तिच्याकडे बघून नाक मुरडलं आणि स्टोव्हच पेटवला.

खोली चौथ्या मजल्यावर. दोन पलंग, एक टेबल, भिंतीतलं कपाट. खिडकीतून मुख्यालयाचा मागचा दरवाजा दिसतो, म्हणजे घरून निघाले की पाच मिनिटांत टेबलावर. वीस वर्षं शाळेत खडूची भुकटी खाल्ली, आता इंटरनॅशनलच्या, म्हणजे जगभरच्या कामगार संघटनेच्या, ताडणी खात्यात नोकरी, आणि ती का मिळाली तर अक्षर सुरेख म्हणून. देव पावला म्हणायची इथे सोय नाही, तेव्हा ठराव पावला म्हणते.

युद्धाच्या ऐन मध्यावर इंटरनॅशनल बरखास्त करायचा ठराव आला आणि दोन मतांनी पडला, हे मी पोरांकडून वीस वर्षं घोकून घेतलं. ती दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर आज एकावन्न देश एका संघटनेखाली नसते, सगळ्यांना एक कार्ड नसतं, आणि माझा धाकटा भाऊ समुद्रापलीकडे मजुरांना संघटित करायला गेला नसता. नऊ वर्षं झाली त्याला जाऊन. खरं सांगायचं तर मी ही नोकरी धरली ती त्याच्यासाठीच. आईचे डोळे जात चाललेत. पार अंधार व्हायच्या आत तिला त्याचा चेहरा दिसावा, बाकी मला काही नको. मुख्यालयात बसून काहीतरी खटपट करता येईल.

७ सप्टेंबर

काम सोपं, पण मान मोडून टाकतं. संघटनेचा प्रत्येक सभासद दरवर्षी आठ पानी आत्मवृत्त लिहितो. जन्म कुठला, आईवडील काय करत, भावंडं किती, कुणाकुणाशी ओळख, कुठे कुठे चुकलो. दरवर्षी नव्यानं, मागचं न बघता. आम्ही यंदाचं आणि गेल्या वर्षीचं शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायची. फरक सापडला की लाल चिठ्ठी भरून ट्रेमध्ये टाकायची. ट्रे वर जातो, पुढचं वरचे बघतात. आज एकाचा बाप गेल्या वर्षी सुतार होता, यंदा लोहार निघाला. मेल्यावर म्हाताऱ्याला धंदा बदलायला लावला पोरानं. मला हसू आवरेना. खात्याच्या प्रमुखबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं, तशी मी पुढचा कागद ओढला.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत एकच नियम आहे : शेवटचा कागद खरा. प्रमुखबाईंनी समजावून सांगितलं की माणूस लढ्यात सुधारत जातो, म्हणून त्याचं सगळ्यात ताजं लिखाण तेच खरं धरायचं. मला पटलं. शाळेतही आपण सुधारून लिहिलेलीच वही तपासतो.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारे बसतात. दर तिसऱ्या ओळीला खोकतात. मनातल्या मनात त्यांना खोकलेकाका म्हणत होते, ते दुपारी चुकून तोंडातून निसटलं. रागावले नाहीत. म्हणाले, तीस वर्षांत इथे कुणी कुठल्या नावानं हाक मारली नव्हती, बरं वाटलं. त्यांच्याकडे ताडणी नाही, दिवसभर नुसतं लिहितात. काय लिहिता म्हणून विचारलं तर नेमका खोकला आला.

१६ सप्टेंबर

धाकट्याचं पत्र आलं. नव्या पत्त्यावर बरोब्बर आलं, आईला त्याचं केवढं कौतुक. तीनदा वाचून दाखवलं. तब्येत उत्तम, काम जोरात, आईनं काळजी करू नये. माझ्याबद्दल चकार शब्द नाही. गेली काही वर्षं नसतोच. वडील गेले तेव्हा हा पाच वर्षांचा. ह्याचं नाक मी पुसलं, ह्याला पाटीवर अक्षरं मी गिरवायला लावली, आणि आता ताईला नमस्कार एवढे दोन शब्द लिहायला ह्याचा हात दुखतो. आईपाशी बोलले नाही. तिला वाटतं मी जळते. जळतेच थोडी.

पत्र उशीखाली घालून आई दुपारभर शांत झोपली. एरवी तिला डोळ्याला डोळा लागत नाही.

२४ सप्टेंबर

आज आगाऊपणा केला. जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेले आणि मी धाकट्याची फाइल काढली. नात्यातल्या फायलीला हात लावायचा नाही असा दंडक आहे. पण बहिणीनं भावाचं वाचलं, त्यात कसली चोरी.

पहिल्या चार वर्षांच्या आत्मवृत्तांत लिहिलंय : माझी एक थोरली बहीण आहे. वडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ती रागीट आहे, पण तिच्यासारखं माणूस नाही. मी तिथेच उभ्या उभ्या रडले. मग पाचव्या वर्षाचं उघडलं. आईवडिलांचा मी एकुलता एक. सहाव्यात तेच, सातव्यात, आठव्यात, नवव्यात तेच. पाचव्याच्या वेळी फरक कुणाच्या तरी नजरेतून सुटला असणार, आणि पुढे सगळी एकसारखी, म्हणून कुणी हटकलं नाही.

मला फार लागलं. काय केलं होतं मी त्याचं?

२५ सप्टेंबर

रडून झाल्यावर डोकं चाललं. प्रमुखबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की ज्याच्याबद्दल शंका निघते त्याला खुलाशासाठी इथे समक्ष बोलावतात, जगाच्या पाठीवर कुठेही असो. मग काय पाहिजे. लाल चिठ्ठी गेली की धाकट्याला यावंच लागेल. त्याचा कानही पिळता येईल आणि आईला तो दिसेलही. शिवाय जित्याची खोड, चूक दिसली की लाल पेन घ्यायला माझा हात शिवशिवतोच. ठळक अक्षरात लिहिलं : सदर सभासदास थोरली बहीण आहे. ती हयात आहे. ती मीच. खाली सही ठोकली.

घरी येऊन आईला सांगितलं की तो येईल, थंडीच्या आत.  ती उठून चाचपडत कपाटाचा एक कप्पा रिकामा करायला लागली.

१ ऑक्टोबर

सगळं नीट लिहिते.

खोकलेकाकांना आज मोठ्या फुशारकीनं चिठ्ठीचं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला जिन्यात घेऊन गेले आणि सांगू लागले. धाकटा तिकडच्या पाचव्याच वर्षी वारला. बोटीवर, तापानं. ठरावाच्या वर्षापासून इंटरनॅशनलचा एकही सभासद कमी झालेला नाही असं आपण शाळेत शिकवतो, ते असं. गेलेल्यांची आत्मवृत्तं ह्याच खात्यात लिहितात, घरच्यांना पत्रंही इथूनच जातात. काका एकटे एकशे बारा माणसं लिहितात. बोटं वळत नाहीत, म्हणून कुठे कुठे भावंडं गाळली. तेवढीच एक ओळ लिहायची वाचते. त्यातली एक बहीण शेजारच्या टेबलावर येऊन बसेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. माझे हात धरून माफी मागत होते. मला राग येईना, रडूही येईना.

मग म्हणाले, खरं पुढेच आहे. धाकट्याला कुणी बोलावणार नाही, कारण शंका त्याच्यावर नाही. शेवटचा कागद खरा, आणि त्या कागदात त्याला बहीण नाही. शंका बहिणीवर आहे.

 धावत जाऊन ट्रे बघितला. रिकामा.

४ ऑक्टोबर

काकांचं टेबल नाही. तिथे कपाट आहे. प्रमुखबाई म्हणाल्या, इथे पहिल्यापासून कपाटच आहे. खोटं बोलताना माणूस जरा तरी चाचरतो, त्या चाचरल्या नाहीत.

जेवणघरात यादीत माझं नाव सापडलं नाही. वाढणाऱ्यानं माझ्यामागच्या माणसाचं ताट पुढे घेतलं. म्हटलं, चूक झाली असेल. दोनदा म्हटलं. मोठ्यानं.

आईला अजून काही सांगितलं नाही. घरी सगळं पूर्वीसारखं आहे, माझ्यावर ओरडते, उशिरा आलीस म्हणते. किती बरं वाटलं ते ऐकून.

६ ऑक्टोबर

प्रमुखबाई आल्या आणि फायलींचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. रिकाम्या खुर्चीवर ठेवावा तसा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या भिंतीकडे बघत होत्या – माझ्यातून पलीकडे, भिंतीकडे.

आधी वाटलं सगळ्यांनी मिळून वाळीत टाकलंय. मोठी माणसं, पण पोरांसारखी कट्टी. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

माझी फाइल शोधली. आठ पानं आहेत. कोरी आहेत.

८ ऑक्टोबर

उद्या दोघं येणार आहेत, आईचं कुटुंबवृत्त लिहून घ्यायला. दारात चिठ्ठी अडकवली होती. म्हणजे आता सगळं आईवर आहे. ती दोन मुलं आहेत म्हणाली तर तिचा कागद शेवटचा, तिचा खरा, आणि मी आहे. एक म्हणाली तर नाही.

म्हणून सांगून टाकलं. तो गेलाय, चार वर्षांपूर्वीच गेलाय, पत्रं खोटी आहेत. वाटलं, कोसळेल. बराच वेळ गादीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, मला माहीत आहे. तेव्हा डोळे चांगले होते तिचे. पाचव्या वर्षापासून पत्रात एकही खाडाखोड नव्हती, आणि त्याला तर स्वतःचं नाव खोडल्याशिवाय लिहिता यायचं नाही. तरी मला तीन तीन वेळा वाचायला लावायची. का, तर पत्र येतंय तोवर दारावर टकटक होते, तोच आल्यासारखी.

मी तिचे हात धरले. उद्या दोन सांग, आई. एक मुलगा, एक मुलगी. मान हलवली तिनं. हो म्हणाली.

९ ऑक्टोबर

आले. सभ्य माणसं. माझ्याकडे बघितलं नाही. आईला समजावून सांगितलं – वृत्त मुलाच्या शेवटच्या कागदाशी जुळलं तर मुलाची पत्रं येत राहतील. नाही जुळलं तर मुलाची फाइल बंद. आईनं विचारलं, बंद म्हणजे. म्हणाले, म्हणजे असा मुलगा झालाच नाही.

 मी कानाशी ओरडले – दोन सांग, दोन. तिनं माझा हात शोधला. थोपटला. हळूच म्हणाली, अगं, तू तर इथेच आहेस माझ्यापाशी, तुला कागद कशाला. तो बिचारा कागदावरच उरलाय.

आणि त्यांना म्हणाली, एकच. मुलगा.

सही केली. माझ्याच हाताचा आधार घेऊन.

१० ऑक्टोबर

सकाळी चहा एक कप. विसरली असेल – डोळे – विसरली असेल.

आई म्हणून हाक मारली. तिनं मान वळवली. माझा जीव भांड्यात पडला. मग चाचपडत गेली आणि खिडकी लावून घेतली.

११

शेजारीण आली होती. तिला म्हणत होती, मला एकच मुलगा, फार गुणी, एकट्यानं वाढला. वडील गेल्यावर कोण होतं त्याला – असं म्हणून थांबली. कपाळाला हात लावला. आठवत होती. मी श्वास रोखून – आठव, आई – शेजारणीनं विषय बदलला.

राग येतो. कुणावर काढू. मीच लाल पेनानं –

१२?

आई माझा पलंग शेजारणीला देऊन टाकतेय. एकटीला दोन कशाला, म्हणाली. गादी गुंडाळतेय आता, पायथ्याकडून. मी गादीवरच बसून आहे. उठणार नाही. डोळ्यांचं सोड, हाताला तरी लागेन. चाळीस वर्षं वेणी घातली ह्या हातांनी माझी, हाताला माहीत असणार – पाय गुंडाळले. दुखत नाही, काहीच – गुडघ्यापर्यंत आली – आई, मी इथेच आहे गं, तूच म्हणालीस ना, मी इथेच