बोटांच्या पुढे

२० सप्टेंबर २०००
चांदवडला पोचले. नाशिकच्या स्टँडवर दादांनी कंडक्टरला सांगितलं की पोरगी मास्तरीण आहे, तिला खिडकीजवळ बसवा. मग झेंडूच्या रिकाम्या पाट्या उचलून मळ्याकडे गेले, मागे वळून न बघता. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वळून बघितलं असतं तर दादा रडले असते बहुतेक.

कॉम्प्युटर क्लास भागुबाईंच्या पिठाच्या गिरणीवर, माडीवर आहे. मालक ललित सर नाशिकला असतात. कॉम्प्युटर एकच, दुकानातून तयार आणलेला, आता जुना झालेला. पण माझ्या ताब्यात. ही रोजनिशी त्याच्यावरच लिहिणार, माझाही हात बसेल.

२८ सप्टेंबर
विद्यार्थी बहुतेक मुली. शिवाय निवृत्त झालेले यादव गुरुजी, पुण्याच्या नातवाला स्वतः टाइप करून पत्र पाठवायचं म्हणतात. निकिता सगळ्यांत हुशार. येत्या परीक्षेत पास झाली तर लासलगावच्या आडत्याकडे नोकरी, नाहीतर दिवाळीनंतर लग्न. पण कॉम्प्युटर फार मंद. ती ओळ टाइप करून हात मांडीवर ठेवते, मग अक्षरं एकेक करून उगवतात. भागुबाई म्हणाल्या, तुमचा डबा लय आळशी हाय, माझ्या गिरणीचा पट्टा लावून बघा. गुरुजी म्हणाले, मग नातवाला पत्राऐवजी पीठ जाईल.

६ ऑक्टोबर, खंडेनवमी
गिरणी बंद. भागुबाईंनी तिची पूजा केली, मग वर येऊन कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. बजावलं की आज यंत्राचा विसाव्याचा दिवस, त्याला हात लावायचा नाही. मी हो म्हटलं. पण क्लास रिकामा असा दिवस पुन्हा कधी मिळणार?

मासिकात वाचलं होतं की प्रोसेसर ठरवलेल्या वेगाहून जोरात पळवता येतो. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. अशा तयार डब्यात ती सेटिंग दिलेली नसते. म्हणून फूल बाजूला ठेवलं, स्क्रू काढले आणि आतला जंपर, म्हणजे दोन पिनांवर बसणारी प्लास्टिकची इवलीशी टोपी, शेजारच्या पिनांवर बसवला. सुरू झाला. अक्षरं आता बोटाबरोबर उमटतात. निकिताला कधी दाखवते असं झालंय.

डबा मात्र तापतो, ताप आलेल्या कपाळासारखा.

१० ऑक्टोबर
निकिता म्हणाली, ताई, मी बटण दाबायच्या आधीच अक्षर येतं. मी तिला हसले. ती गेल्यावर स्वतः बसले. ‘खिडकी’ लिहायला बोट उचललं तर खिडकी आधीच समोर. चकवायचं म्हणून ‘दार’ लिहायचं ठरवलं. बोट हलायच्या आत दार आलं.

आता हे लिहिताना ओळीचा शेवट मला आधीच दिसतो आहे.

१३ ऑक्टोबर
सकाळी गुरुजी बसले. रोज त्यांच्या पत्राची ओळ त्यांच्या पुढे पळायची आणि मुली हसायच्या. आज काहीच आलं नाही. पडदा कोरा. यंत्राला माझा कंटाळा आला, असं म्हणून त्यांनी बोटं बटणांवर ठेवली आणि त्यांची मान खाली गेली. मला वाटलं, अक्षर शोधताहेत.

दवाखान्यात नेईपर्यंत —

१४ ऑक्टोबर
जंपर परत जुन्या जागी बसवला. फरक नाही. उलट आता दोन ओळी पुढे.
ललित सरांना फोन केला. म्हणाले, माणूस वयाने गेला, तुम्ही मनाला लावून घेतलं. परीक्षा गुरुवारी आहे, क्लास बंद ठेवू नका.

१६ ऑक्टोबर
निकिता बसली. पडदा कोरा.
दंडाला धरून तिला खुर्चीवरून ओढून काढलं. ती रडली. म्हणाली, स्वतः पदवीधर झालात आणि माझं लग्न लावायला निघालात.
संध्याकाळी दळण घेऊन आली. माझ्याकडे पाहिलंही नाही. पण आली. चालत, पिठाचा डबा कडेवर घेऊन.
म्हणजे कोणी उठवलं तर वाचतो.

१७ ऑक्टोबर
मी लिहायला आले नव्हते. फक्त वायर उपटायला आले. पण पडद्यावर आजची तारीख होती आणि तिच्याखाली ही नोंद. वाचायला म्हणून टेकले —
बोटं तेच दाबताहेत जे समोर आहे. उचलत नाहीत.
पायाने वायर ओढली. निघाली. डब्यातला पंखा चालूच.
खाली गिरणीचा आवाज. हाक भागुबाईंना ऐकू जाणार नाही.
निकिताला मी उठवलं. मला कोण —
जिन्यावर चपला. तिच्याच. परीक्षा परवा, ती येणारच होती. मला उठवून ती याच खुर्चीत —
शेवटची ओळ दिसते आहे. अर्धीच आहे. पुढे कोरं. ती तिच्यासाठी आहे, एवढं बरं —
निकिता, इथे बसू न