शास्त्रीय सल्ल्यानुसार

४ मार्च

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. प्रयोगशाळेतले जंतू तरी तुझ्याशी बोलतात ना? विषय कामाचा आहे. विद्यापीठ महासाथीवर ग्रंथ काढतंय: समाज, विज्ञान आणि कायदा, तिन्ही अंगांनी. संपादक मीच. समाजशास्त्राचे लेख आलेत, कायद्याचा माझा. विज्ञानाचा तूच लिहावास असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. साथ हवेतून कशी पसरते यावर तुझ्याइतकं काम कुणी केलंय? पाच हजार शब्द, महिनाअखेर. भाषा मात्र जरा सौम्य ठेव. मागच्या परिषदेत तू साथ-समितीच्या अध्यक्षांना जे सुनावलंस, ते अजूनही लोक चहाच्या वेळी सांगतात. तू कधी येणार, म्हणून वहिनी रोज विचारते.

तुझा,
दादा

१० मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

माझा लेख मिळणार नाही. सौम्य भाषेत तर नाहीच.

तुला विसर पडला असेल तर सांगते. आई गेल्यावर आपल्याला आत्याने वाढवलं. म्हातारपणी ती स्वतःच्या हट्टाने वृद्धाश्रमात गेली, पण दर आठवड्याला आपली वाट बघायची. मग साथ आली, फाटक बंद झालं. तिला फोनवर ऐकू येत नव्हतं. परिचारिका फोन कानाशी धरायची आणि ती एकच विचारत राहायची, मुलं का येत नाहीत? अकरा महिने. मग गेली.

फाटकावर नियम चिकटवला होता: 'शास्त्रीय सल्ल्यानुसार कोणत्याही परिस्थितीत भेटीस मनाई.' कुणाचा सल्ला? माझा! चार महिने हवा मोजून अहवाल मी लिहिला होता. बंद खोलीत भेट नको, पण उघड्या अंगणात, मास्क लावून, सहा फुटांवरून अर्धा तास भेटायला हरकत नाही, असं त्यात स्पष्ट होतं. अंगणाचं वाक्य कुणीतरी खोडलं आणि उरलेल्यावर माझं नाव वापरलं.

समितीवर तू होतास. माझा संशय अध्यक्षांवर आहे, पण नक्की कुणी खोडलं ते शोध. नाव मिळालं की पाच काय, पंधरा हजार शब्द लिहीन.

वहिनीला नमस्कार. बाकी लोभ आहेच, सध्या जरा तापलेला.

ठमी

३० मार्च

चि. ठमीस,

वीस दिवस लिहायला बसतोय आणि उठतोय. शोधण्यासारखं काही नाही. ते वाक्य मी खोडलं.

अध्यक्ष ते ठेवायला तयार होते. मीच म्हणालो, अपवाद ठेवला की अंगण कशाला म्हणायचं, सहा फूट कुणी मोजायचे? कायद्याला सरळ रेघ लागते. पेन माझ्याच हातात होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगतो, त्या खोलीत मला आत्या आठवलीच नाही.

दोन महिन्यांनी मी फाटकावर गेलो होतो. तुला बोललो नाही. पहारेकऱ्याने बोट ठेवून तो नियम मला शब्द न् शब्द वाचून दाखवला. म्हणाला, साहेब, मलाही वाईट वाटतं, पण वर शिकलेली माणसं बसलीत, त्यांनी विचार करूनच लिहिलं असणार. मी कोण ते त्याला सांगितलं नाही. परत फिरलो.

दादा

२ एप्रिल

दादा,

आज नमस्कार वगैरे नाही.

दोन वर्षं मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून त्या अध्यक्षांच्या नावाने बोटं मोडली आणि तू माझ्या कपात चहा ओतत राहिलास! भर परिषदेत मी त्या म्हाताऱ्याला खुनी म्हटलं. त्याने मान खाली घातली, पण तुझं नाव घेतलं नाही. उद्या त्याच्या घरी जाऊन माफी मागणार आहे.

तुझ्या लाजेचं मी काय करू? लोणचं घालू? तो नियम आता कायमच्या कायद्यात घालतायत, मसुद्यात आहे, कलम नऊ, तेच शब्द. विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी अठरा तारखेला आहे. ग्रंथात तळटीप टाकून सुटू नकोस. तिथे उभा राहा आणि तोंडाने सांग. नाही गेलास तर माझ्या दाराची बेल वाजवू नकोस.

ठमी

२१ एप्रिल

चि. ठमीस,

गेलो होतो.

समितीच्या एका सदस्य बाईंनी विचारलं, मनाईमागे शास्त्रीय सल्ला कोणता? मी सांगितलं, कोणताच नाही. सल्ला उलट होता, तो मी खोडला, कारण मला नियम सुटसुटीत हवा होता. मूळ कागद पुढे ठेवला. त्याचा परिणाम कुणावर झाला, असं त्यांनी विचारलं. आत्याचं नाव, वय आणि अकरा महिने, एवढंच सांगता आलं.

मागून एक बाई ओरडत उठली. तिचा नवरा असाच गेला होता. शिपायांनी तिला अडवलं, मी म्हटलं, येऊ द्या. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मूळ कागद उचलून खोडलेली ओळ वाचू लागली. तिचं वाचून होईपर्यंत मीही उभा होतो.

कलम नऊ परत पाठवलंय. उघड्यावरची भेट हक्क म्हणून लिहिणार आहेत, त्यासाठी तुझा अहवाल मागवलाय.

संपादकपद गेलं. विभागप्रमुख म्हणाले, घरचं दुःख चारचौघांत मांडायला नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या इमारतीत ओरडलो, की ते फक्त घरचं नव्हतं म्हणूनच मांडलं. बाहेर पडताना दार इतकं आपटलं की त्यांच्या नावाची पाटी खाली आली.

लोभ असू दे, असं लिहायला हात धजत नाही. राग तसाच राहू दे, फक्त तो कळवत जा.

तुझा,
दादा