भंडारा बिरोबाचा, सिद्धूचा न्हाय

भवानी पेठ, सोलापूर
ता. २२ ऑक्टोबर १९३९

ती. गं. भा. गोजाआक्काचे सेवेशी,
धाकटा भाऊ सिद्धनाथ याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी तुरुंगातून घरी आलो, हे बाजारकऱ्यांकडून कळलं असेल. कसा आलो ते मीच लिहितो. वर्षभर लढाईविरुद्ध कुठल्याही सभेत बोलणार नाही, असं लिहून देऊन सुटलो. घरात फुला पोटुशी, तिचे दिवस भरत आलेत, हे कारण लोकांना सांगतो. तुला खरं सांगतो, मी भ्यालो. थकलोही.

परवा सात रस्ता चौकातून गेलो, तर कोणी रामराम घालेना. पुढारीच बसला, आता कसली चळवळ, असं एकजण मला ऐकू येईल असं बोलला. खोटं काय बोलला? इंग्रजांच्या या लढाईला आमच्या घरचा पोरगा जाणार नाही, लष्कराला घोंगडं विकणार नाही, अशी शपथ घालून बिरोबाच्या देवळात सगळ्या वाडीच्या हातावर हळदीचा भंडारा मीच ठेवला. ज्यानं शपथ घातली तोच फिरला. तेव्हा आक्का, वाडीला सांग, शपथ सुटली. ज्याला जे करायचं ते करू दे. पाप माझ्या माथी.

भाच्याला, बिरप्पाला आशीर्वाद. माझ्यावर लोभ उरला असेल तर असू दे.

तुझा सिद्धनाथ

*

बिरोबाची वाडी, ता. सांगोला
ता. ३० ऑक्टोबर १९३९

चि. सिद्धूस गोजाआक्काचे अनेक आशीर्वाद, आन् वरनं दोन कानफटात.

गुरुलिंग मास्तरांना बजावलंय, मी बोलते तसंच लिवा, तुमचं बामणी वळण नगं. तुझं पत्र त्यांनी चावडीवर मोठ्यानं वाचलं. मला काय ठावं आत असलं शेण हाय! बिरप्पा तितंच हुता. घरी आला आन् म्हनाला, मामानं शपथ सोडवली, येत्या बाजारी भरतीवाला येतोय, मी नाव देतो. हितं मेंढरामागं काय ठेवलंय, म्हनाला.

सिद्धू, त्याचा बाप मागच्या लढाईत बसऱ्याला गेला. हे पोर पोटात हुतं. माघारी काय आलं? एक बिल्ला. तो मी मेंढ्याच्या गळ्यात बांधलाय, घंटी म्हणून बरा वाजतो. आता पोरगं बी द्यायचं व्हय? तुज्या एका पत्रापायी?

शपथ सोडवनारा तू कोण रं? भंडारा बिरोबाचा, हळद माज्या घरची. तू निस्ता वाढपी. वाढपी दमला म्हणून पंगत उठती का कुटं? तुला भ्या वाटलं, वाटू दे. मानूसच हायस. बायकोपाशी बस, पोराचं तोंड बघ, तुला कोन नावं ठेवत न्हाय. पर तू बसलास म्हणून आमी बी बसलो, हे तुला कुनी सांगितलं? लई शहाणा झालास की!

फुलाला तूप धाडते, ते तू खाऊ नगंस. राग हाय तेवढीच माया बी हाय, असं समज.

तुजी आक्का

ता. क. शिव्या गाळल्या आहेत. पत्र चावडीवर वाचायला नको होतं, मला वाईट वाटतं. गुरुलिंग.

*

बिरोबाची वाडी
ता. ७ नोव्हेंबर १९३९

चि. सिद्धूस गोजाआक्काचे आशीर्वाद.

बाजार झाला. भरतीवाल्यानं टेबल मांडलं, आन् पयल्या झटक्याला तुजंच नाव घेतलं. तुमचा पुढारी शरण आला, आता कुनाला भिता, म्हनाला. समदी मानसं खाली बघाय लागली. बिरप्पा रांगंत हुता. त्याची छाती मोजली, टेबलवाला खूश झाला.

मी रडले न्हाय. पदराच्या गाठीतला भंडारा सोडला, गेले आन् त्याच्या हातावर ठिवला. म्हनलं, तू ह्यो मामासाठी उचलला असशील, तर ह्या समद्या मानसांम्होरं हात झटक आन् जा, मी आडवी येनार न्हाय. त्यानं हात वर केला. पर त्याला झटकाय येईना रं. तसाच उभा ऱ्हायला, मग कपाळाला लावला आन् रांगंतनं भाईर आला. धुळा म्हाताऱ्यानं माज्याम्होरं हात पसरला. मग निंगव्वानं. मग गाठीत काय उरंनाच.

शेजारच्या गावची दोन पोरं गेली. झाकून काय ठेवू? लॉरीत चढताना त्यांच्या आया बघवंनात. पर आपल्या वाडीचं एक बी न्हाय. ह्याला तू चळवळ बुडाली म्हंतोस? बुडली असती तर भरतीवाला जाताना मला शिव्या कशाला देता? मी बी दिल्या. माज्या जास्त हुत्या.

आन् घरी येताना एक ध्यानात आलं. त्या दिशी देवळात तू समद्यांच्या हातावर भंडारा ठिवलास. तुज्या हातावर कुनी ठिवला? मी इचारत फिरले. कुनीच न्हाय. तू बोलत हुतास, आमी ऐकत हुतो. वाढपी उपाशीच ऱ्हायला, सिद्धू. मग तू मोडलंस तरी काय? तू उचललाच न्हवतास.

पाकिटात पुडी हाय. भाषान करू नगंस, लिवून दिलंय ते पाळ. बळजोरी बी न्हाय. थोरल्या भैनीनं वाढलंय, येवढं ध्यानात ठेव.

तुजी आक्का

*

भवानी पेठ, सोलापूर
ता. १९ नोव्हेंबर १९३९

ती. गं. भा. गोजाआक्काचे सेवेशी, सिद्धनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मुलगी झाली. फुला खुशाल आहे. तूप तिनंच खाल्लं, शपथेवर सांगतो.

पुडी सहा दिवस देव्हाऱ्यात पडून होती. हात लावायचं धाडस होईना. सुटल्यावर गिरणीत पुन्हा मागावर लागलो. काल जॉबर, आमचा मुकादम, आला आणि माझ्या साच्यावर खाकीचं सूत चढवा म्हणाला, लष्कराचं काम आहे. मी उद्या सांगतो म्हणालो. आज सकाळी आंघोळ केली, पुडी सोडली आणि भंडारा उचलला. समोर सभा नव्हती. फुला होती आणि तिच्या मांडीवर पोर.

गिरणीच्या विणकाम खात्यात गेलो आणि खाकी विणणार नाही, एवढंच म्हणालो. लिहून दिलंय ते सभेत बोलण्याचं, साच्यापाशी गप्प उभं राहण्याचं नाही. जॉबरनं दार दाखवलं. मी एकटाच बाहेर पडेन असं धरून चाललो होतो. फाटकापाशी मागून कोणीतरी हाक मारली. वळून बघतो तर शेजारच्या साच्यावरचा शंकरप्पा, आणि त्याच्यामागं आणखी माणसं. मी कोणालाच काही म्हटलं नव्हतं, आक्का.

खिशातल्या पुडीत चिमूटभर भंडारा उरला होता. शंकरप्पानं हात पुढं केला.

आणखी भंडारा धाड. माया आहे तशीच राहू दे, राग थोडा कमी कर.

तुझा सिद्धू