मध्यंतराआधी निघून गेलेला भाऊ

रोहा, शनिवार, संध्याकाळ

दुपारच्या खेळाला सिनेमा पाहिला. उद्या पेणच्या वाचनालयात त्यावर बोलायचं आहे. भावंडांनी भरलेलं घर, आणि एकेक माणूस असा की शेजारी राहायला यावा. पण कथानक? सगळं सैल. थोरला भाऊ मध्यंतराआधी बोटीवर चढतो, आणि पुढे त्याचं कुणी नावही काढत नाही. माणसं उभी करून वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. उद्या हेच ठणकावून सांगणार.

माझा ज्यू मित्र शालोम, त्याच्याबरोबर मी एकही सिनेमा सुरुवातीपासून पाहिला नाही. शनिवार त्यांचा धर्माचा विश्रांतीचा दिवस, त्याचा तेलाचा घाणा बंद, आणि आकाशात तारे दिसेपर्यंत तो घराबाहेर पडायचा नाही. आम्ही धावत पोहोचायचो तोवर गोष्ट पुढे गेलेली. चुकलेली सुरुवात तो परतताना स्वतः रचून सांगायचा. मी हरकती घेतल्या की म्हणायचा, "तू भाषणं ठोक रे, गोष्ट माझ्यावर सोड."

मग तो इस्रायलला गेला. आधी पत्रं यायची.

आज सुरुवात पाहिली, तरी तो भाऊ कुठे गेला हे जोडून सांगायला कुणी नव्हतं. वाटेत माझी चिडचिड ऐकून ही म्हणाली, "शालोमभाऊजी गेले. आपण तरी नाव काढतो काय त्यांचं? नाय ना?"



कथानक सैल आहे, हे उद्या म्हणेनच. त्या भावाबद्दल मात्र काय बोलू?

मघाशी अंगणात गेलो. तारे दिसले, आणि पाहतो तर त्याच्याबरोबर सिनेमाला धावायचं असल्यासारख्या चपला पायात घातलेल्या.