बुककीपरमधला दुसरा ‘के’

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. जे आहे ते माझे स्वतःचेच, आणि त्याचा खुलासा कलम चारमध्ये केला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात ते कलम नव्हते.

कलम एक. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, माझ्या धाकट्या बहिणीला मिळावे. मोरीतला नळ नेहमीपेक्षा उलटा फिरतो. प्लंबरला बोलावू नये, तो दुसरे काहीतरी बिघडवून जातो.

कलम दोन. बँकेतली ठेव धाकटीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावी. तिने ती कशावर उडवली, हे कोणी तिला विचारू नये.

कलम तीन. माझे शब्दकोश आणि भिंग छापखान्यातल्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांना द्यावेत. आम्ही त्यांना कॉमावाले म्हणत असू. बावीस वर्षे त्यांनी माझे स्वल्पविराम काढले आणि मी ते परत घातले. आता त्यांनी खुशाल काढावेत. कपडे वाळत घालायची दोरी वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना द्यावी. माझ्या धुतलेल्या कपड्यांवर रोज कुंड्यांचे पाणी सोडायची त्यांना सवय आहे. माझ्यामागे त्यांना चुकल्याचुकल्यासारखे व्हायला नको.

कलम चार. कपाटाच्या वरच्या फळीवर निळ्या फाइलीत छापील मजकुराचे एक तपासणीचे पान आहे. ते धाकटीच्या हाती द्यावे. ते माझ्याकडे कसे आले, ते लिहिते.

एकतीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी एकाच छापखान्यात होतो. ती अक्षरजुळणी करी, मी तपासत असे. तिच्यासारखा हात तिथे कोणाचा नव्हता. तिला इंग्रजी शब्दांचा नाद होता. ज्यात अक्षरे जोडीने येतात असे शब्द ती चिठ्ठ्यांवर टिपून ठेवी आणि जेवताना मला ऐकवी. शाळांसाठी शब्दलेखनाचे पुस्तक छापायला आले, त्यात एक पान रिकामे राहत होते. मालक तिला म्हणाले, “तुझ्या त्या जोड्या टाक ना इथे.” किती दिवस ती हवेत होती! त्या पुस्तकातले ते एकच पान तिचे होते.

यादीत झूकीपर होता. त्यात ‘ओ’ची जोडी, ‘ई’ची जोडी आणि मध्ये एकच ‘के’. खालीच बुककीपर होता, त्यात ‘के’ दोन. मी दुसऱ्यावर लाल रेघ मारली.

ती उठून माझ्या टेबलाशी आली. “ताई, तो राहू दे. ओ-ओ, के-के, ई-ई. तीन जोड्या एकामागोमाग येतात. म्हणून तर तो शब्द घेतलाय.”

“वरचा बघ. तिथे एकच आहे.”

“वरचा झू आहे गं, हा बुक आहे, याचा स्वतःचा एक ‘के’ आहे. कोश उघडून बघ ना.”

कोश माझ्या कोपराशी होता. कॉमावाले ऐकत होते. मी म्हणाले, “मला शिकवू नकोस. जा, दुरुस्त करून आण.”

तिने पानाच्या कडेला पेन्सिलने लिहिले, ‘ताई, दोन के हवेत.’ मग मुकाट्याने एक काढून टाकला.

पुस्तके शाळांतून परत आली. तीन जोड्यांचा शब्द म्हणून मथळा आणि खाली जोड्या दोनच. मालकांनी मला आत बोलावले. धाकटी दाराशी उभी होती. “ही चूक कुणाची?” मालकांनी मला विचारले.

“प्रूफ बरोबर होतं,” मी म्हणाले. “जुळणीत राहिलं असेल.”

हे वाक्य बोलायला मला अजिबात वेळ लागला नाही. पान तोवर माझ्या पिशवीत गेले होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून तिची खुर्ची रिकामी होती. दुसऱ्या कोणत्याही छापखान्याने तिला घेतले नाही. पुढे सव्वीस वर्षे तिने दवाखान्याच्या खिडकीत बसून रुग्णांचे कागद भरले. आमचे येणेजाणे राहिले, दुखलेखुपले तर ती धावून आली. पण जोड्यांचा एखादा शब्द तिने मला पुन्हा कधी ऐकवला नाही.

गेल्या रविवारी मी तिला फोन करून सगळे सांगितले.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पान पिशवीत घालताना बघितलं होतं मी तुला.”

“मग बोलली का नाहीस?”

“आई आजारी होती. घरात एक नोकरी तरी राहायला हवी होती.” मग म्हणाली, “नंतर वाट बघत राहिले, तू कधी सांगतेस. पुढेपुढे तेही सोडून दिलं.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “भाजी गॅसवर आहे माझी,” आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. माझी हिंमत होत नाही.

कलम पाच. धाकटीने घर नाकारले तर ते भाचीला जावे. पण त्याआधी धाकटीला दोनदा विचारावे. पहिल्यांदा ती नाहीच म्हणेल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला असून तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांनी कलम चार वाचल्यावरच सही करावी, असा माझा आग्रह आहे.

सही : (लिहून ठेवणारी)
ठिकाण : माझे राहते घर, मागची खोली
दिनांक : चौदा मार्च, गुरुवार

साक्षीदार एक : डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दोन : छापखान्याचे निवृत्त मालक (सही)

साक्षीदार दोन यांनी सही करताना स्वहस्ते लिहिलेला मजकूर : कलम चार वाचले. त्या दिवशी मी मोठीला विचारले. धाकटी दाराशी होती, तिला मी काहीच विचारले नाही. हेही यात असू द्यावे.