ह्यांच्या डब्यातली क्लिप

४ मार्च, सोमवार. दुपार.

सगळ्यांत आधी आला तो पंक्चरवाला. त्याच्या पोटात बातमी राहत नाही. त्याच्या बायकोला मुलगा झाला तेव्हा तिच्या आईच्या आधी आम्हाला कळलं होतं. दारातूनच म्हणाला, वहिनी, तुमच्या मुलाची गाडी पुलापाशी बंद पडली आहे, बोनटमधून वाफ येतेय, आणि तो डोक्याला हात लावून बसलाय. मी म्हटलं, बसू दे, येईल. आधी आरशात पाहिलं, मग चपला घातल्या.

मुलगा, सूनबाई आणि नात भिंगरी. तिघंही. दोन वर्षांनी. फोन नाही, काही नाही. मला चकित करायचं ठरवलं असणार. पंक्चरवाला म्हणतो, तुमचं वळण तर केव्हाच मागे पडलं होतं, गाडीचं तोंड पुढे होतं. त्याला काय कळतंय. बोलण्याच्या नादात माणसाचं वळण चुकतं.

गाडीच्या टपावर गुंडाळलेल्या गाद्या, पडद्यांचे दांडे आणि पाय वर केलेलं भिंगरीचं टेबल. माझ्याकडे गाद्या दोनच, हे सूनबाईने लक्षात ठेवलं. टेबलसुद्धा आणलं म्हणजे मुक्काम मोठा दिसतो. विचारलं नाही. आपण विचारलं की लोक दिवस सांगून मोकळे होतात.

गाडी ढकलत दारात आणली. रेडिएटरला पाणी नेणारी रबरी नळी टोकाशी चिरली आहे आणि ती आवळून धरणारी क्लिप तुटली आहे. क्लिप म्हणजे लोखंडी पट्टीची कडी, स्क्रूने आवळायची. मला सगळं माहीत आहे. हे ट्रक चालवायचे तेव्हा मी कितीदा तरी शेजारी बसून गेले आहे. काय काय बांधून गाडी घरी आणायची ते ह्यांच्याकडून शिकावं. एकदा डिझेलची टाकी गळायला लागली तर माझा आंघोळीचा नवा साबण मळून लावला होता. सुगंधी होता. पुढचे तीन दिवस मी नुसत्या पाण्याची धनी. असो.

ह्यांच्या पत्र्याच्या डब्यात अशा क्लिपा असतील. पण डबा कुठे ठेवलाय आठवत नाही. माळ्यावर असेल. माझे गुडघे हे असे. उद्या बघते.

५ मार्च, मंगळवार. सकाळ.

डबा कॉटखालीच होता. फडक्याने पुसला. तीन क्लिपा निघाल्या. मधली बसेल असं वाटतं. पण इतक्या वर्षांची, गंजली असेल. गंजलेली नाही, तरी भरवसा काय? शिवाय ह्यांची आठवण. परत ठेवला. संध्याकाळी नक्की देते.

तोच दिवस, चार वाजता.

पंक्चरवाल्याने नळीला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, वरून तार पिळली. मुलगा म्हणाला, आई, येतो गं, थांबता येत नाही, गुरुवारी सकाळी नऊला हजर नाही झालो तर ती जागा दुसऱ्याला देतील. कामं काय, सगळ्यांनाच असतात. निघाले. तीन मैल गेले आणि एका ट्रॅक्टरने दोर बांधून परत आणले. ट्यूब फुगून फाटली. मी पुन्हा गॅस पेटवला. वाईट वाटलं, पण फार नाही. त्या गाडीलाच जायचं नसेल तर मी काय करणार?

भिंगरी म्हणते, आजी, नव्या शाळेत पोहायचा तलाव आहे. आपल्या शाळेत तलाव कधी झाला? तशीच मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, तलाव कुठला, नळाला पाणी नाही, पण चौथीत जागा आहे. म्हटलं, ठेवा एक. येऊन मधली खोली झाडली, टेबल उतरवून घेतलं, खिडकीपाशी लावलं. सूनबाईने ते उचललं आणि परत टपावर बांधलं. खिडकीचा उजेड मुलीच्या डोळ्यांवर येईल असं वाटलं असेल तिला.

क्लिपेचं आज राहून गेलं. घरात माणसं असली की डोकं ठिकाणावर राहत नाही.

६ मार्च, बुधवार. सकाळी दहा.

आज मुलाने तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा कापून त्याची पट्टी केली, नळीवर गुंडाळली, वरून कमरेचा पट्टा आवळला. दीड मैल. येताना सूनबाई स्टिअरिंगवर आणि हा एकटा मागून ढकलतोय, पँट सावरत. बाजारातला दुकानदार म्हणतो, या मापाची क्लिप शुक्रवारी येईल. बस दिवसाला एकच, ती सकाळीच गेली. दुपारपर्यंत गाडी निघाली तरच उद्या नऊला तो तिथे असणार.

मी सुचवलं, इतकं काय अडलंय, सांग त्यांना आठ दिवसांनी येतो म्हणून. मास्तरांनी जागासुद्धा ठेवली आहे.

तेव्हा तो म्हणाला, आई, आम्ही तिकडे कायमचे चाललोय. घर रिकामं केलं. पोचल्यावर फोन करणार होतो तुला.

कायमचे म्हणजे तशी बोलायची पद्धत असते. सहा महिने धरू.

मग पायरीवर बसला. ग्रीसने काळे झालेले हात अंगापासून लांब धरून, जणू दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिलेत. म्हणाला, मागची नोकरी जाऊन आठ महिने झाले. तुला सांगितलं नव्हतं. ही पण गेली तर मला आता दुसरी कुठे शोधायची ते कळत नाही. माझ्याकडे बघून नाही बोलला, गाडीच्या चाकाकडे बघून बोलला.

तेवढ्यात मला डबा आठवला. एकदम आठवला.

दुपारी दीड.

मी म्हटलं, हा बघा, आत्ता सापडला, किती शोधला. सूनबाई म्हणाली, आई, डब्यावर धूळ नाही. तिचं लक्ष फार बारीक. संसार नीट करील.

मुलगा क्लिप हातात घेऊन नुसता उभा राहिला. मग मी पदर खोचला. नळीचं चिरलेलं टोक कापायला लावलं, उरलेली नळी ओढून पुरली. आतून साबणाचं बोट फिरवलं म्हणजे सरकते. स्क्रू मी आवळला, रबर जरासं फुगेपर्यंत, त्यापुढे नाही, हे सांगायचे तसा. पाणी भरून गाडी पाव तास चालू ठेवली. खाली कोरडं फडकं अंथरलं होतं. एक थेंब नाही पडला. मी दोनदा वाकून पाहिलं.

सव्वा वाजता गेले. पंक्चरवाला म्हणाला, वहिनी, हे काम वर्षभर हलायचं नाही. कुणी विचारलं होतं त्याला?

संध्याकाळ.

ओट्यावर बसले होते, हवा बरी होती म्हणून. कालचा ट्रॅक्टर आला. मागे काही नव्हतं.

७ मार्च, गुरुवार.

नऊ वाजून गेले. पोचला असेल वेळेवर. फोन नाही. पहिल्या दिवशी कोण फोन करतं? मधल्या खोलीतला केर काढला. फार नव्हता.

परत कधी येणार ते लिहायचं राहिलं होतं. निघताना मी खिडकी धरून विचारलं तर सूनबाई म्हणाली, मे महिन्यात बघू, आई. मुलगा म्हणाला, हो, बघू. आता मे महिन्याचे एकतीस दिवस. एकतीस दिवस कुणी वाट बघत बसत नाही, एक दिवस पक्का हवा. सुटी पहिल्या तारखेला लागणार, तो दिवस प्रवासात जाईल.

म्हणजे दोन मे. गुरुवार.