ओलिवाची दाढ

१२ ऑक्टोबर

विसरलीस ना, वही? मागच्या रविवारी सगळं सांगितलं होतं, आणि आज पुन्हा कोरं पान घेऊन बसलीस. मी अक्षरशून्य बाई, पण मला एकसष्ट वर्षांपूर्वीचंही आठवतं. तर परत ऐक. मी निन्फा. पालेर्मोतल्या या मठाच्या चर्चची चावी माझ्याकडे. लिहितेय माझी नात, आगातिना.

आज जर्मन पर्यटक आले होते. संगमरवर, सोनं, कठड्यांवर लोंबकळणारी चुन्यात घडवलेली देवदूतांची बाळं – बघून तोंडं उघडीच. त्यांना वरची सोनेरी जाळी दाखवली आणि मोठ्याने सांगितलं, "त्यामागे नकोशा मुली ठेवायचे. एक अजून शिल्लक आहे."

जाळीमागून खोकला आला. माझी थोरली बहीण, ओलिवा. मठातली शेवटची जोगीण. एकसष्ट वर्षांपूर्वी आत गेली, तेव्हापासून तिचं तोंड पाहिलेलं नाही.

दर रविवारी ती भिंतीतल्या फिरत्या लाकडी कपाटातून बदामाची बिस्किटं बाहेर पाठवते. पाहुण्यांना सोनेरी. मला एक, करपलेलं. मी ते तिथेच उभी राहून कुडुमकुडुम खाते. तिला ऐकू जावं म्हणून.

१४ ऑक्टोबर

पाद्री गास्पारे आले. दोन नोव्हेंबरला मठ बंद. ओलिवाला डोंगरावरच्या एन्ना गावी, म्हाताऱ्या जोगिणींच्या घरी धाडणार. "नाहीतर तुम्ही न्या, निन्फाबाई. सख्खी बहीण तुमची."

"माझ्या घराला चाळीस पायऱ्या आहेत."

"तुम्ही चढता की."

"मी संसार केलाय. मला त्रासाची सवय आहे."

आगातिनाने पेन खाली ठेवलं. उचल म्हटलं.

१५ ऑक्टोबर

नात विचारते, एवढा कसला राग? राग नाही गं. बापाकडे हुंडा एकीपुरताच होता. साल्वो चांभार ओलिवाला बघायला येणार होता आणि तो मला हवा होता. त्याच आठवड्यात ओलिवा या चर्चमध्ये पुतळ्यापुढे रडत बसलेली. दाढ ठणकत होती तिची. मी घरी जाऊन आईला सांगितलं, हिला देवाचं बोलावणं आलंय.

ओलिवा नाही नाही म्हणाली. आई म्हणाली, संतही आधी नाहीच म्हणतात.

महिन्याभरात तिचे केस कापले. साल्वो मला मिळाला. चाळीस वर्षं घोरला.

२१ ऑक्टोबर

पायऱ्या अडतीसच आहेत. आज मोजल्या.

२६ ऑक्टोबर

कपाटाच्या फळीला तोंड लावून म्हटलं, "एन्नात थंडी फार असते."

आतून आवाज आला. म्हातारीचा. मला उगाच वाटलेलं, वीस वर्षांची मुलगी बोलेल.

"दाढ कुणी काढलीच नाही, निन्फा. मी रडले की बाकीच्या माझ्यापुढे गुडघे टेकायच्या. देवाची कृपा म्हणायच्या. सात वर्षं. मग तुकड्या-तुकड्यांनी पडली."

"मीच सांगितलं, हे ठाऊक होतं तुला?"

"मग करपलेलं काय उगाच पाठवत होते?"

कपाट फिरलं. बिस्किट होतंच. आज आवाज न करता खाल्लं.

२९ ऑक्टोबर

माझी खाट खिडकीपाशी ओढली, तिला ऊन मिळेल म्हणून. साल्वोचा फोटो ट्रंकेत टाकला. मग पाद्रींकडे गेले. म्हटलं, नेते मी तिला.

त्यांनी एक कागद पुढे केला. आगातिनाने वाचून दाखवला. ओलिवाने सोळा तारखेलाच लिहून दिलंय: "कुठेही पाठवा. निन्फाच्या घरी नको."

अक्षर सुंदर आहे म्हणे.

२ नोव्हेंबर

सकाळी नेलं तिला. मी कपाट फिरवून पाहिलं. रिकामं. रविवार असून.

आगातिना, एवढं पान फाड आणि एन्नाला धाड. ओलिवा, दर रविवारी एक बिस्किट पाठवत जा. करपलेलंच.